चोच आभाळाकडे

वामनभाऊ,

परवा तुमच्या तेरवीला अंगणात मांडव घातला होता आणि माइकवरून एकेक जण बोलत होता. वामनभाऊ मनमिळाऊ होते, शांत स्वभावाचे होते, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. मी पंगतीत पत्रावळीसमोर बसून ऐकत होते आणि खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. तुम्ही आणि शांत? मी नेरहून बदलून तुमच्या दवाखान्यात आले, त्या पहिल्याच दिवशी भरल्या वॉर्डात तुम्ही मला विचारलं होतं, "शिस्टर, हात धुतले, का नुसते वले केले?" नर्सला असं तोंडावर बोलणारा, मलमपट्टी करणारा ड्रेसर मी त्याआधी पाहिला नव्हता. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, ह्या म्हाताऱ्याचं आणि माझं जमायचं नाही.

दहा वर्षं जमलं. त्यातली निम्मी भांडणात गेली, पण जमलं.

माइकवर खरं ते कुणीच बोललं नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. वरण-भाताच्या पंगतीत लघवीचं नाव कोण काढणार? पण त्या मांडवात बसलेल्या कितीतरी जणांचे बाप, आजे, सासरे पोट नगाऱ्यासारखं घेऊन, घामानं भिजून, ऑटोत आडवे घालून आपल्याकडे आले होते. दोन-दोन दिवस लघवी अडलेली. आणि तुम्ही नळी टाकल्यावर अर्ध्या तासात तेच बाबा चहा मागत होते. माइकवर बोलणाऱ्यांतल्या एकाचे वडील तर मला नावानिशी आठवतात. मनमिळाऊ म्हणे! बापाचा जीव मोकळा केला त्याचं एक अक्षर नाही. मला राग आला, म्हणून मी लिहायला बसले.

दवाखान्याची रीत तुम्हाला आठवते ना? पुरुषाला नळी टाकायची तर ते काम तुमचं. डॉक्टरही तुमच्याच हाती सोपवून मोकळे व्हायचे. सिस्टरनं हिरव्या पडद्याच्या अलीकडे उभं राहायचं आणि मागाल ते आत द्यायचं. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर बदलले, खाटा बदलल्या, पडदा तिथंच. मीही कधी तक्रार केली नाही, आणि माझ्या सासूबाईंना तर तो पडदा फारच पसंत होता.

मी अलीकडून हातमोजे, जेली, नळी, पिशवी देत राहायचे आणि पलीकडून तुमची टकळी चालू असायची. "आता सुन्न व्हायची जेली टाकतो बाबा, थंड लागन. चोपडून भागत नाही, आत भरा लागते. आता पाच मिनिट मी काहीच करत नाही. तुही तूर कशी आहे ते सांग." मग ते बाबा तूर सांगायचे, बोंडअळी सांगायचे, जावयाची कागाळी सांगायचे. तुम्ही घड्याळ बघत ऐकायचे. "आता लंबा श्वास घे. पायाचे अंगठे हालव. हं, अडलं. अडू दे. मी ढकलून नाही राह्यलो, नुसता टेकून उभा आहो." मला वाटायचं, काय हा माणूस वटवट करतो बाप्पा! 

आणि मग एकदम आरोळी. "आली धार!"

पडदा हलायचा इतकी मोठी. बाहेर बाकड्यावर बसलेली म्हातारी पदर तोंडाला लावून रडायला लागायची, मुलगा उठून उभा राहायचा, औषधाच्या खिडकीवरचा माणूस मान बाहेर काढायचा. मी ह्यावरून तुमच्याशी किती भांडले! पेशंटची काही लाज असते भाऊ, खाजगी गोष्ट आहे, गावभर कशाला? तुमचं उत्तर ठरलेलं. "लाज तं दोन दिवस मुतता येत नव्हतं त्याची वाटून राह्यली होती त्याले. आता आलं तं कायची लाज?" आणि खरं सांगते, तक्रार करणारा पेशंट मला एकही आठवत नाही. उलट खाटेवरचे बाबा आरोळी ऐकून छाती फुगवायचे, जसं काही सगळं त्यांनीच केलं.

माझी चूक तुम्ही मरेपर्यंत विसरला नाहीत, तेव्हा मीच सांगून टाकते. तुम्ही पुतणीच्या लग्नाला गेला होता, डॉक्टर यवतमाळला मीटिंगला. एक आजोबा आले. अंगावर काटा येईल असे कण्हत होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, करून बघा, नाही जमलं तर पाठवा. मी पहिल्यांदा पडद्याच्या पलीकडे गेले. इतकी वर्षं ऐकून सगळं पाठ होतं. जेली भरली, थांबले, तूरसुद्धा विचारली. पण ऐन वेळी मला आजोबांची दया आली आणि मी सोळा नंबरच्या जागी बारा नंबरची, सगळ्यात बारीक नळी उचलली. वाट अरुंद, तर बारीक जाईल, असा माझा हिशेब. ती मऊ नळी आत गेली, अडली आणि तिथल्या तिथे वळली. पुढे सरकेना. मी घाबरून काढून घेतली आणि आजोबांना यवतमाळला पाठवलं. तिथं त्यांचं नीट झालं, पण रस्ताभर त्यांनी काय भोगलं असेल ते माझ्या मनातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, पडदा ओलांडला म्हणून तुम्ही वॉर्ड डोक्यावर घ्याल. तुम्ही पडद्याचं नावही काढलं नाही. 

"बारीक काहून घेतली?"

"त्यांना दुखू नये म्हणून."

"परकरात नाडा कसा ववतं?"

मला नाड्याचा संबंध कळेना.

"नुसता नाडा ववून पाह्य बरं. गोळा होते का नाही? त्याले पिन लावा लागते, पेन लावा लागते. म्हाताऱ्या माणसाची लघवीच्या वाटेवरची गाठ सुजली राह्यते, मऊ टोक तिथं लोळते. सोळा घे, अठरा घे. जाड नळी सरळ राह्यते. हाव की नाही?"

"हाव."

"अन् अडल्यावर जोर नाही लावला, काढून घेतली, पाठवून देल्लं, ते बेस केलं. घुसडली असतीस तं मी तुले इथं उभी नसती केली."

इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी त्या दिवशी घरी गुलाबजाम केले आणि नवऱ्याला कारण सांगितलं नाही.

त्यानंतर तुम्ही मला शिकवायला लागलात, आणि शिकवणं म्हणजे छळणंच. अपघातातून आलेल्याला रक्त दिसलं तर नळीला हात लावायचा नाही, सरळ पुढे पाठवायचं. दोनदा प्रयत्न, तिसरा नाही. लघवी दिसल्याशिवाय नळी आत धरून ठेवणारा फुगा फुगवायचा नाही, आणि दिसली तरी नळी शेवटच्या फाट्यापर्यंत आत सरकवल्याशिवाय नाही. पेशंट ओरडला तर फुगा थांबव. शेवटी मागे घेतलेली कातडी पुढे आण, नाहीतर संध्याकाळी सूज घेऊन परत येतो. ह्या शेवटच्यावरून तुम्ही एका नव्या डॉक्टरलाही झापलं होतं, आणि तो बिचारा "हो भाऊ, हो भाऊ" करत राहिला.

आणि तुमची ती वाकडी! आपल्या पुरवठ्यात कधी न येणारी, टोकाला वाकलेली नळी. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून तुम्ही दोन-तीन मागून आणायचे आणि कपाटात पट्ट्यांच्या मागे ठेवायचे. तारीख संपत आली की परत नेऊन नव्या आणायचे. लोक पोरांसाठी शेव आणतात, तुम्ही वाकडी आणायचे. "गाठ खालून वर उचलते रस्ता. म्हणून नळीची चोच आभाळाकडे पाह्यजे. आत गेल्यावर चोच दिसत नाही, मंग मागच्या टोकाची खूण पाह्याची. खूण वर, चोच वर. काय?" 

"चोच आभाळाकडे."

"पुन्हा."

चाळिशीतल्या बाईकडून तुम्ही ते शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून घेतलं.

मग एक दिवस तुम्ही ट्रे माझ्या हातात दिलात आणि स्वतः पडद्याच्या अलीकडे जाऊन उभे राहिलात. मी आत, तुम्ही बाहेर. मी बोलत होते आणि तुम्ही ऐकत होता. लघवी आली तेव्हा मी हळूच म्हटलं, "आली भाऊ." आणि अलीकडून तुम्हीच आरोळी ठोकलीत. पुढेही तसंच चाललं. नळी मी टाकायची, ओरडायचं तुम्ही. मला ते जमायचंच नाही.

चिमट्याचं भांडण मात्र आपलं राहूनच गेलं. तुमचं म्हणणं, तुंबलेलं पोट एकदम रिकामं करायचं नाही, थोडी लघवी गेली की नळीला चिमटा लावायचा, थांबायचं, पुन्हा सोडायचं. मी प्रशिक्षणात शिकून आले होते की त्याची गरज नसते, वाहू द्यावं आणि पेशंटचं बीपी बघत बसावं. तुम्ही चिमटा लावला की मी काढायचे, मी वळले की तुम्ही लावायचे. एका बाबांनी तर वैतागून विचारलं, "तुमचं दोघायचं ठरलं का?" 

आणि मग तुमची पाळी आली.

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीला आला होता तेव्हाची गोष्ट. तुमची निवृत्ती महिन्यावर आली होती. दोन दिवस तुम्ही रजेवर होता आणि आम्ही समजलो, वावरात असतील. दुपारी वहिनींनी तुम्हाला ऑटोतून उतरवलं. तुम्ही धड उभे राहू शकत नव्हता. तालुकाभरच्या म्हाताऱ्यांना "लघवीचा त्रास लपवू नका" म्हणून झापणारा माणूस स्वतःचा त्रास वर्षभर लपवून बसला होता. वहिनींनासुद्धा माहीत नव्हतं. तेव्हा मला तुमची कीव आली नाही भाऊ, संताप आला.

डॉक्टर तरुण होते पण समजूतदार. त्यांनी सरळ नळी एकदा घालून पाहिली. अडली, रक्ताचा थेंब दिसला, ते थांबले. रुग्णवाहिका बाळंतिणीला घेऊन यवतमाळला गेलेली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "सिस्टर, अजून एकच प्रयत्न. मग पोटातून सुई घालून काढावी लागेल, आणि मी ते एकट्यानं कधी केलेलं नाही." 

मी कपाट उघडलं. पट्ट्यांच्या मागे एकच वाकडी उरली होती. तारीख पाहिली, चालत होती. ट्रे घेऊन आत आले तर तुम्ही पायजम्याची नाडी मुठीत घट्ट धरून पडलेले.

"तू नको. साहेबाले सांग."

"साहेबांनी पाहिलं. आता मी."

"माह्या पोरीसारखी आहेस तू. तुह्यासमोर मी..."

"मग पोरीचं ऐका नं! जिंदगीभर लोकायले सांगितलं, लाज सोडा, लाज सोडा. ते काय फक्त लोकायसाठी होतं काय? सोडा ती नाडी!"

मी अशी ओरडले की डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, दुखण्याचं की कशाचं ते मी विचारलं नाही. मूठ सुटली.

जेली भरली. घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं. तुम्ही कधी कुणाला चुकवली नाहीत, मी तुम्हाला कशी चुकवू? म्हटलं, "भाऊ, तूर कशी आहे?" तुम्ही दात आवळून म्हणालात, "मले नको शिकवू." मी म्हटलं, "सांगा." मग तुम्ही सांगितलं. धुऱ्याकडची, बांधाला लागून असलेली, चांगली आहे, खालची उबळून वाळली. मी नळी घेतली. खूण वर. तुम्ही डोळे मिटून पुटपुटत होता आणि मी कान देऊन ऐकलं. "चोच आभाळाकडे. चोच आभाळाकडे." अडलं. मी ढकललं नाही. टेकून उभी राहिले. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. लंबा श्वास घ्या म्हटलं, अंगठे हलवा म्हटलं. आणि माझ्या बोटांना कळलं, वाट सैल झाली. नळी एखाद्या ओळखीच्या घरात शिरावी तशी आत गेली.

पिशवीत लघवी यायला लागली. अर्धी पिशवी, मग पाऊण. तुमचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला. सुरकुत्या एकेक करून जागेवर आल्या. वॉर्डभर लोक कान लावून बसले होते. सगळ्यांना माहीत होतं आत कोण आहे.

"काहून गप्प आहेस?" तुम्ही म्हणालात. "बोल नं. मी कसा वरडू? मी तं पेशंट आहो."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी नुसती मान हलवली. मग तुम्ही म्हणालात, "चिमटा लाव," आणि मी म्हटलं, "नाही लावत." तेवढं मात्र बरोबर फुटलं. मी बीपी मोजत बसले, तुम्ही पिशवीकडे डोळे वटारून बघत बसलात, आणि काहीही झालं नाही. तरी तुम्ही हार मानली नाहीत. "नशीब माहं," म्हणालात.

त्यानंतर यवतमाळला ऑपरेशन झालं, गाठ गेली, नळी निघाली. आठवडाभरानं तुमचा सकाळी सकाळी फोन. "शिस्टर, आत्ता तुरीच्या धुऱ्यावर उभा होतो. पार शेजारच्या वावरात गेली!" मी भाजी चिरत होते. हसता हसता बोट कापलं. दोन वर्षं, भाऊ, दोन वर्षं तुम्ही राजासारखे त्या धुऱ्यावर उभे राहिलात.

आणि निवृत्त होऊन घरी बसाल तर ते तुम्ही कसले! केळापूरची बस धरून आठवड्यातून चारदा येऊन दवाखान्याच्या बाकड्यावर बसायचे. बाईमाणूस नको म्हणणारा बाबा आला की तुम्ही खणखणीत सांगायचे, "मले शिस्टरनंच टाकली. मी ड्रेसर असून मले लाज नाही वाटली, तुले काय झालं?" लाज वाटली नाही म्हणे! पण तुमच्या त्या एका थापेनं आमची पडद्याची रीत बदलली. आता पुरुष काय, बाई काय, ज्याला येतं तो करतो. दोन नव्या सिस्टर माझ्याकडून शिकल्या. त्याही "चोच आभाळाकडे" म्हणतात.

फक्त मला टोमणा मारायचं तुम्ही सोडलं नाहीत. "सगळ्यायची आरोळी झाली. माह्या टाइमले मुकी झालती." मी हसून टाळायचे. कारण सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. मी मुकी झाले नव्हते भाऊ. तोंड उघडलं असतं तर हंबरडा फुटला असता. तुमचं काम आटोपून मी स्टोअररूममध्ये गेले आणि गॉजच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडले. नळी गेली नसती तर तुम्ही माझ्या हातून गेला असता, असं मला वाटत होतं. माझे वडील मी लहान असताना गेले. दुसऱ्यांदा बाप जाताना बघायची माझी तयारी नव्हती. हे मी तुम्हाला एकदा तरी सांगायला हवं होतं. रोज वाटायचं, उद्या बोलू, आणि उद्या तुम्ही येऊन चिमट्याचा विषय काढायचे.

तुम्ही गेलात ते वावरातल्या कडुनिंबाखाली, जेवून लवंडलात तसेच. वहिनी रडत रडत मला म्हणाल्या, "सकायीसुदा धुऱ्यावर जाऊन आलते अन् हसत आलते." मला तेवढं पुरलं.

आता कालचं सांगते. एक आजोबा आले, पोट तट्ट फुगलेलं. आजी बाहेर बाकड्यावर बसल्या, नेमक्या तुमच्या जागेवर. डॉक्टरांनी तपासून मला खूण केली. आजोबा म्हणाले, "बाई नको. वामन ड्रेसरले बलवा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजवर अशा वेळी तुम्ही बाकड्यावरून बोलायचे. काल बोलायला कुणी नव्हतं. ते ऐकले नसते तर तसेच यवतमाळपर्यंत हाल सोसत गेले असते.

मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "वामनभाऊ वारले, आजोबा. मले त्यायनंच शिकवलं. अन् त्यायले नळी मीच टाकलती."

"खरंच?"

"नाडी मुठीत धरून बसले होते. तुमच्यासारखेच."

आजोबांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. मग हळूच सोडली.

जेली. पाच मिनिटं. त्यांची तूर चांगली आहे, तुम्हाला सांगून ठेवते. वाकडी नळी, आता मीच यवतमाळहून मागून आणते ती, खूण वर. अडलं, थांबले, वाट सैल झाली. आणि आली. पिशवीत पडताना तिचा आवाज ऐकू आला. आजोबांनी डोळे मिटले आणि "आई गं" म्हणाले, दुखून नव्हे, सुटून. मी चिमटा लावला नाही. त्याबद्दल तुम्ही तिकडून काय म्हणायचं ते म्हणा.

सवयीनं मी पडद्याकडे वळून "आली भाऊ" म्हणणार होते. पडद्याच्या अलीकडे कुणी नव्हतं. बाहेर आजी कानात प्राण आणून बसलेल्या असणार, ते मला न बघता कळत होतं. मग मी पोटात श्वास भरून घेतला आणि ओरडले, भाऊ. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. औषधाच्या खिडकीवरचा माणूस गोळ्या टाकून धावत आला, आजी उठून रडायला लागल्या, नव्या सिस्टरच्या हातून ट्रे पडला, आणि खाटेवरच्या आजोबांनी छाती फुगवली. एकदा आजोबांसाठी ओरडले. आणि मग, सगळे बघत असताना, पुन्हा एकदा. ती दुसरी तुमची होती, दोन वर्षांपासून माझ्या घशात अडकलेली.

आली धार, वामनभाऊ! आली!